घेवड्याची पिशवी

हजार यार्ड म्हणजे किती, हे हॅमर्स रनमध्ये
कुणालाच धड माहीत नव्हतं.
एमरिक म्हणायचा, इथून पलीकडच्या उतारावरल्या
पांढऱ्या दगडापर्यंत. क्लेटस म्हणायचा, छट्,
हा दगड बाराशेच्याही पुढे.
शेवटी जमीन मोजायची साखळी आणली.
दोघं गवतातून, शेणातून, ओढ्यातून ती ओढत गेले
आणि साखळी दगडाच्या बरीच अलीकडे,
काटेरी झुडपात संपली.
क्लेटसही चुकला होता, पण कमी.
तिथंच त्यांनी खड्डा खणला.

त्या खड्ड्यात मी. वय तेरा.
दिवसाला पाऊण डॉलर आणि एक सँडविच.
डोक्यावर लाकडी चौकट, चौकटीवर कागद,
माझ्या हाती कणकेची खळ आणि चिकटवायचे तुकडे.
गोळी आधी यायची. कानाशी चाबूक फुटल्यासारखी.
मग दुरून, उशिरानं, ठप्प,
कुणी शेजारच्या घराचं दार लावावं तसा
बंदुकीचा आवाज.
त्या दोन आवाजांच्या मधल्या जागेत
मी मोठी झाले.

वाऱ्याचं काही खरं नसायचं.
तो ओढ्यावरून निघायचा, अक्रोडापाशी बुचकळ्यात पडायचा.
निशाणं लावायला पैसे नव्हते, म्हणून
मधल्या घरातल्या मिसेस गुटशॉलला विनवलं,
बाई, धुणं सोमवारऐवजी शनिवारी घाला.
तिनं महिन्याला चार साबणवड्या मागितल्या
आणि मग अख्खी घळ
तिच्या चादरी वाचायला शिकली.

नियम एकच, कोठाराच्या दारावर खडूनं लिहिलेला:
कोपर जमिनीवर, पट्टा दंडात, बाकी काही नाही.

आजोबांचे हात त्याच वर्षी कापायला लागले.
सकाळी कप बशीवर किणकिणायचा
आणि आम्ही सगळे पावाकडे बघत बसायचो.
ज्या माणसानं एमरिकला बंदूक धरायला शिकवली,
त्याच्या गोळ्या आता
कागदाच्या बाहेरची माती उडवायच्या.
मी खड्ड्यातून पांढरं फडकं हलवायची. चुकली.
पुन्हा हलवायची.
एकदा नाही हलवलं.
पेन्सिलीनं भोक पाडायचं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू.

सप्टेंबरात ते एक पिशवी घेऊन आले.
आजीच्या ॲप्रनच्या कापडाची, दोरा दाताने तोडलेला.
आत पुढल्या वर्षीच्या पेरणीचा घेवडा.
बंदुकीचं नाक त्यांनी तिच्यावर टेकवलं,
बाळाची मान उशीवर ठेवावी तसं.
क्लेटस म्हणाला, ही काय नेमबाजी झाली?
मग टेबलावरच मांडा की, आणि जेवून घ्या.
आजोबांनी उत्तर दिलं नाही. चादरींकडे बघत राहिले.
चादरी पडल्या, फुगल्या, पडल्या.

चाबूक. ठप्प.
पाच वेळा.
कागद खाली ओढला तेव्हा
पाचही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली गेली.
मी हात काढला, पुन्हा ठेवला.

कुणाचा विश्वास बसला नाही. साहजिक होतं,
नात खड्ड्यात, आजोबा बंदुकीवर.
पुढच्या फेरीला क्लेटस स्वतः माझ्याशेजारी उतरला,
गुडघे पोटाशी घेऊन बसला, घामानं भिजला.
पाच गोळ्या ऐकल्या.
कागद बघितला. टोपी काढली, पुन्हा घातली.
माझं अर्धं सँडविच त्यानं खाऊन टाकलं.

भांडण हिवाळाभर चाललं.
कुणी म्हणे वेगळी यादी करा, म्हाताऱ्यांची.
कुणी म्हणे, बंदूकच मग खरी किती नेम धरते
ते तरी कळेल.
मार्चमध्ये दारावरचा खडू पुसला गेला;
कुणी पुसला, कुणी सांगत नाही.
एप्रिलच्या पहिल्या शनिवारी कोठारापाशी
अकरा माणसं, अकरा पिशव्या:
मका, वाळू, एकाची तर
मुलीच्या बाहुलीतला भुसा.
क्लेटसची सगळ्यात मोठी.

आजीनं मात्र मेमध्ये आपला घेवडा परत मागितला.
उसवून, निवडून, पेरला.
काही दाण्यांना बंदुकीच्या तेलाचा वास होता.
तेही उगवले.