दिरहमाचा पाढा

निकाह झाला तेव्हा बाराचा पाढा पुरायचा,
बारा दाहे विसाशे, हिशेब संपला.
जुनैद झाला त्या साली पंधराचा,
तो शाळेत गेला तेव्हा अठराचा,
आता बावीसच्या पुढचा, तोही अपूर्णांकात.
मी तिसापर्यंत म्हणायचे, न अडखळता.
गुरुजी म्हणायचे, पोरी, कधीतरी उपयोग होईल.
एवढा होईल असं त्यांनाही वाटलं नसेल.

सकाळी फोन उघडते तो आधी भाव बघायला,
मग त्याचा मेसेज.
हे त्याला सांगितलेलं नाही.

सासऱ्यांना पावकी-निमकी येते.
बावीस रुपये पासष्ट पैसे
ते बोटांच्या पेरांवर माझ्याआधी उलगडतात
आणि शेवटी न चुकता सांगतात,
या दाभोळच्या बंदरात एके काळी लारी चालायची,
चांदीची तार, मधे वाकवलेली,
होर्मुझचा माणूस ती तराजूत टाकायचा,
घोडे उतरवायचा, कापड चढवायचा.
तिचा भाव कोण ठरवायचं, मी विचारते.
तराजू, ते म्हणतात.
आणि ज्याला परत जायची घाई नसे, तो.

रुपया पडला म्हणून टीव्हीवर
कोट घातलेला माणूस तोंड पाडतो.
आमच्याकडे रुपया पडला की
मागच्या पडवीला चिऱ्याची एक ओळ चढते.
म्हणजे चढायची.
आता रुपयाबरोबर डिझेल हलतं,
डिझेलबरोबर चिऱ्याचा ट्रक,
आणि छपऱ्याहून आलेला गवंडी म्हणतो, भाभी, रेट बढ गया.
तोही कुणाचा तरी लांब गेलेला आहे,
रात्री वाळूच्या ढिगावर बसून घरी पैसे पाठवतो.
फक्त त्याचा रुपया तिकडे पोचला
तरी रुपयाच असतो.

हा शारजात, शीतगृहात, खोकी उतरवतो.
जेट्टीवरची कंपनी सुरमई उचलायला लागल्यापासून
आमच्या बाजारात उरते मांदेली, बोटभर बांगडे.
खोकं आठ दिवसांत त्याच्यापर्यंत पोचतं,
तो माझ्यापर्यंत बावीस महिन्यांनी.
एकदा म्हणाला, आज आपल्याकडची सुरमई होती दुकानात,
किलोला चाळीस दिरहम.
मी पाढा म्हटला. तोही तिकडे म्हणत होता.
नऊशेच्या जरा पुढे दोघं एकदमच थांबलो.
घेतलीस?
हात लावला, म्हणाला. गार होती.

सुट्टीवर आला की उलटं.
नाक्यावर चहाचे पंधरा रुपये देताना
ओठ हलतात त्याचे, तो भागत असतो.
मी गुणते, तो भागतो,
पहिले चार दिवस आमचं उत्तर जुळत नाही.

गडग्यापलीकडे प्रमिला भुवड.
तिचा तन्मय जर्मनीत शिकतो,
तिचा आकडा युरोचा.
माझ्याकडे ओळ चढते त्या महिन्यात
तिच्या काजूच्या बागेतला एक तुकडा उतरतो.
सुरुवातीला आम्ही भाव एकमेकींना सांगायचो,
नळाला पाणी आलं का, इतक्या सहज.
मग कधीतरी लक्षात आलं
की ती विचारते तेव्हा मी आवाज आवरून उत्तर देते.

गेल्या मंगळवारी फेरीबोटीच्या रांगेत
तिनं विचारलं, कितीवर गेला गं?
तो कधीच गेला नव्हता एवढा वर होता,
माझ्या पिशवीत बँकेचं पासबुक होतं, तिच्याही.
मी तिला आदल्या आठवड्यातला आकडा सांगितला.
तिच्या हातात फोन होता, उघडाच.
थांबला म्हणायचा, ती म्हणाली, बरं झालं.
फोन पदराखाली गेला.
मग धोपावं येईपर्यंत आम्ही दोघी
आमसुलांना यंदा ऊन कसं लागलं नाही
याबद्दलच बोलत राहिलो.