तीन सूत

भोसरीत एकतीस वर्षं
मी एक इंची शँकचं टूल बांधलं.
स्पॅनरला पाइप घालून आवळायचो.
फोर्जिंगची साल निघायची जाड, निळी,
धुमसत पायाशी पडायची,
बुटाला भोकं.

आता धायरीत, तिसऱ्या मजल्यावर,
वॉशिंग मशीन आणि कढीपत्त्याच्या कुंडीच्या मध्ये
लेथ आहे. दोन माणसांनी जिन्यानं आणला,
तिसरा नुसता सूचना देत होता.
भाचा म्हणाला, मामा, खेळणं आणलंत?
मी ओरडलो त्याच्यावर.
वाटत मलाही तेच होतं.

पहिलं काम थोपटे वहिनींचं :
शिलाई मशीनच्या पायट्याची पिन.
मी जुन्या पेटीतलं पाच सुती टूल काढलं,
टूलपोस्टात कसंबसं कोंबलं, चारी बोल्ट आवळले.
जाड टूल कधी दगा देत नाही,
हे मी किती पोरांना शिकवलं असेल.

चालू केला तर टूल कापेना, घासत राहिलं.
अख्खा लेथ कापरं भरल्यासारखा,
कुंडीची माती उडतेय,
खालच्या मजल्यावरून पानसे सरांनी
काठीनं छत वाजवलं. दोनदा.
दुपारचे दोन वाजले होते, म्हणजे
चूक माझीच.

रविवारी जुन्या बाजारात गेलो.
मुनीरच्या ताडपत्रीवर रीमर, ड्रिल, गंजलेले टॅप,
आणि टूलबिटांचा ढीग, किलोवर.
म्हटलं, एक पाच सुती दे, पण ताजं, मजबूत.
त्यानं विचारलं, लेथ केवढा?
मी हातानं दाखवला.
मग म्हणाला, टूलपोस्टच्या बुडापासून
सेंटरपर्यंत किती आहे?
मोजलंत, का आठवणीवर आलात?

बसमध्ये उभा राहून आलो, जागा असून.

घरी व्हर्नियर लावला.
दहा मिलिमीटर.
पाच सूत म्हणजे सोळा.
टोक सेंटरच्या सहा वर, हवेत,
आणि मी बिचाऱ्या यंत्राला नावं ठेवत होतो.

बुधवारी पुन्हा. मुनीर काही बोलला नाही,
तीन सुती बिट फडक्याला पुसून दिला.
साठ रुपये. घासाघीस मी केली नाही,
त्यानं वाट पाहिली थोडी.

ग्राइंडरवर धार काढली, पाण्यात बुडवत, बुडवत.
एवढंसं टूल चिमटीत धरताना
बोटं लाजत होती.
बाहेर जास्त काढलं नाही, नखाएवढंच.
मग ती जुनी युक्ती :
जॉब आणि टूलच्या टोकामध्ये
स्टीलची पट्टी हलकी धरायची.
टोक वर असेल तर पट्टी पलीकडे झुकते,
खाली असेल तर आपल्याकडे.
माझ्याकडे झुकली, जराशी,
कानात काही सांगायला वाकावी तशी.

फेसिंग करून पाहिलं.
मधोमध मोहरीएवढं बोंड राहिलं.

मग हॅकसॉच्या ब्लेडचा तुकडा,
दात घासून काढलेला, टूलखाली सरकवला.
पट्टी उभी राहिली.
लोक सुतावरून स्वर्ग गाठतात,
मला सेंटर गाठायचं होतं.

चौथाई मिलिमीटर कट. त्याहून जास्त मागितलं नाही.
बर निघाली बारीक, कुरळी, पांढरीशुभ्र,
न तुटता ट्रेमध्ये उतरत गेली
आणि आवाज असा, की यमुना आतून म्हणाली
बंद केलंत का?

बोंड गेलं.
पिन गेली, थोपटे वहिनींनी बसवली,
परकराची शिलाई घालता घालता म्हणाल्या,
एवढ्याशा खिळ्याला दहा दिवस?
मी म्हटलं, हो.

पाच सुती टूल पेटीत परत ठेवलं नाही.
कढीपत्त्याची कुंडी एका बाजूनं डुगडुगत होती,
तिच्या बुडाखाली सारलं.
बरोबर बसलं.