रकाना सात

देवगडात, तहसील कचेरीच्या समोर, झेरॉक्सच्या शेजारी
माझी खिडकी.
साडेदहाला उघडते, सर्व्हर असेल तर.
द्रुपदा भिकाजी खवणेकर पहिल्या नंबराला.
पायांवर खाडीचा चिखल, वाळून पांढरा पडलेला,
पिशवीत रेशनकार्ड, आधार,
आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, लॅमिनेशन केलेला.
"भिजात म्हणान करून घेतलंय," ती म्हणाली.

नाव, गाव, वय.
वय तिला आधारकार्डानंच दिलेलं, एक जानेवारीचं.
मग रकाना सात:
वार्षिक उत्पन्न, अंकी व अक्षरी.

"वर्साचा?"
तिनं कठड्यावर बोट टेकवलं,
जणू तिथूनच सुकती लागते.
"अवसेचे चार दिस, पुनवेचे चार दिस.
उधाणाची सुकती लांब जाता,
तेवा चिखलात तिसरे गावतत.
भांगाक खाडी हलना नाय, मगे मी तरी खय जाव?
पावसाचे चार म्हयने पाणी गोडा होता, तिसरे मरतत.
काढले तर विकूक व्हये.
विकूचे तर एस्टी व्हयी,
आणि कंडक्टर पाटीचा तिकीट येगळा फाडता."

मी कॅल्क्युलेटर ओढला.
आठ दिवस गुणिले आठ महिने.
वाटा पन्नासाचा, ऊन चढलं की तिसाचा,
बारा वाजता मागेल त्याला मागेल त्या भावात.
न खपलेला वाटा ती घरी नेते, कालवण करते.
तो जमेत धरायचा की खर्चात,
मला कुणी शिकवलेलं नाही.

सहा वर्षं या खुर्चीत बसून एवढं मात्र कळलंय,
आकडा मर्यादेच्या खाली हवा,
पण इतकाही खाली नको
की तलाठी चष्म्यावरून बघत विचारील,
एवढ्यात माणूस जगतो कसा?
त्या प्रश्नाला जोडपत्र नाही.

लिहिला एक आकडा.
अक्षरी लिहून वाचून दाखवला.
ती थोडा वेळ गप्प.
"इतके पैशे मी कदी एकदम बघूक नाय."
"एकदम नाही हो, वर्षाचे."
"वर्सय मी कदी एकदम बघूक नाय."

मंजुरी आली शिमग्याच्या आधी.
पैसे जमा, असा मेसेज तिच्या भाच्याच्या फोनवर.
पासबुकात काही नाही.
ती दोनदा आली, तीनदा आली,
तिसऱ्या खेपेला सापडलं.
अकरा वर्षांपूर्वी आंब्याच्या एका हंगामात
ती कॅनिंगला साली सोलायला जात होती.
मजुरीसाठी मालकानं सगळ्या बायकांची खाती उघडली होती,
बँकेचं नाव दोनदा बदललं,
आधार अजून तिथंच चिकटलेलं.
तिला कसं सांगावं?
"भरती दुसऱ्याच खाडीत चढली," मी म्हटलं.
ती हसली. तंबाखूचे दात.
"चढांदे. सुकती लागली की भायर पडतले."

सुकती लागायला दोन फोटो लागले,
एक अर्ज, एक साहेब जो रजेवर होता,
आणि पुन्हा तो लॅमिनेट केलेला कागद,
ज्यावर शिक्का उमटेना.
कोपऱ्यात ब्लेडनं चिरून आतला कागद बाहेर काढला.
ती बघत होती. काही बोलली नाही.
फक्त रिकामं प्लास्टिक घडी करून परत पिशवीत ठेवलं.

रात्री लेकीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेतला.
जेवणं झालेली, ताटं अजून तशीच.
नाव, गाव, शाळा भरभर लिहिलं.
मग पेन थांबलं.
अर्जामागे मला सुटतात ते, गुणिले दिवस,
वजा सर्व्हर नसलेले दिवस,
वजा सुट्ट्या, वजा निवडणुका.
"आई, लिही ना काहीतरी," लेक म्हणाली,
"तू तर सगळ्यांचं लिहितेस."
भिंतीवरच्या कॅलेंडराकडे उगाच नजर गेली.
उद्या अष्टमी.
भांग.