तीन जीव

आधी बावन्न स्लाइड होत्या.
कुपवाडच्या एमआयडीसीत, पत्र्याखाली,
डबे सुटल्यानंतरच्या त्या दीड तासात
पंखा माझ्यापेक्षा जास्त बोलायचा.
माणसं डोळे उघडे ठेवून झोपायची,
प्रेसवर बारा वर्षं काढलेल्याला ते जमतं.
शेवटी सह्यांचा कागद फिरायचा
आणि सगळे सुरक्षित झाले
असं मी फाइलीला लावायचे.

मग हा खेळ आला, फोनात मावणारा.
वरून रॅम येतो, धाप्प,
दोन्ही अंगठे दोन हिरव्या बटणांवर नसले
की पडदा लाल. एक जीव गेला.
एकूण जीव तीन.
चहाच्या दहा मिनिटांत सुकुमार, इलाही,
दुसऱ्या पाळीचा धुळा
माना खाली घालून जीव वाचवू लागले.
कँटीनच्या फळ्यावर गुण लागले,
पहिल्याला भडंगाचा मोठा पुडा.
मीही खूश होते, खोटं कशाला बोलू.
तेवीसच्या तेवीस जण जागे होते.

भूपाल मगदुमांचं नाव तेवढं तळाला, शून्यावर.
"बाई, ह्यो फोन मला वळखतच न्हाई की ओ."
खरंच. उजव्या अंगठ्याला
तीस वर्षांच्या पत्र्यानं असा घट्टा पाडलेला
की इथं माणूस आहे हे काचेला कळत नव्हतं.
डावा अंगठा अर्ध्यातच संपलेला.
मी म्हटलं, कापडानं पुसून बघा.
त्यांनी पुसलं. तेल गेलं, बाकी तसंच.

मग विचारलं, अगदी सहज,
"ह्यात तीन जीव देत्यात व्हय?
आमच्या टायमाला न्हवतं तसलं काय."
कुणीतरी हसलं.
मग हसायचं थांबलं.

त्यांचा व्हिडिओ मी भंगाराच्या ढिगामागं काढला.
चाळीस सेकंद.
भूपालकाका शर्टाचं वरचं बटण लावतात,
एवढंच.
अर्धा अंगठा काजापाशी जातो, घसरतो,
पुन्हा जातो.
मी मागं संगीत टाकलं होतं.
"वाजंत्री काढा," म्हणाले,
"बटान लावायला कुणी बँड लावतंय का?"
अठराव्या सेकंदाला हळूच एक शिवी आहे.
साहेब म्हणाले, कापा.
मी ठेवली.

आता खेळाआधी तो लागतो.
पुढं ढकलायची सोय मी दिलेली नाही.
पोरं बघतात, कुणी काही बोलत नाही.
धुळानं घरी बायकोला दाखवला म्हणे,
तर तिनं जेवता जेवता त्याची बोटं मोजली.

या आठवड्यात फळ्यावर इलाही पुढं आहे.
तळाला अजून भूपाल मगदूम, शून्य.
मी पुसायला गेले तर म्हणाले,
"ऱ्हाऊ दे. कुणीतरी खाली पायजे की."
आणि इलाहीच्या पुड्यातलं मूठभर भडंग
त्यांनी डाव्या हातात घेतलं.
थोडं सांडलं.