नितळ बाटल्या

मी काही केलं नाही.
फक्त चिठ्ठ्या लिहिल्या.
पोस्टात एकतीस वर्षं तारखेचे शिक्के मारले,
तेवढंच वळणदार अक्षर उरलं होतं हाताशी.

बाटल्या द्रौपदी जाक्करच्या.
म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या, कोकमाच्या,
एक तर चक्क गुलाबपाण्याची :
ती हमिदा सोलकरने दिली, वास जाईतोवर राखेने घासून.
दोघी एकाच चिखलात मुळे काढायच्या.
एकीची वाडी खाडीच्या अल्याड, एकीचा मोहल्ला पल्याड,
मध्ये ते पाणी,
ज्याला गेल्या चैत्रापासून
तोंडात धरलेल्या नाण्याची चव होती.

पहिल्या दिवशी विचारलं, वेळ काय लिहू?
अर्धी सुकती, द्रौपदी म्हणाली.
घड्याळात किती?
घड्याळ काय पाण्यात उतरतं, भाऊ?
मग तसंच लिहिलं.
वद्य दशमी. भांगाचं पाणी. अर्धी सुकती.
रंग चहाचा, दूध न घातलेल्या.
मेलेले : बोय सात. चिंबोरी एक, उताणी.

रोज एक बाटली.
रंगांना नावं द्यायला शिकलो आम्ही.
काथाचा. हळदीचा. गाभोळीचा.
एकदा हमिदा बाटली उजेडात धरून
बराच वेळ बघत राहिली,
म्हणाली, माझ्या इरफानच्या पायावरच्या पुरळाचा लिही.
लिहिला.

साहेब आले ते कळवून आले.
ज्यांना कळवायचं त्यांना कळवून.
त्या दिवशी खाडी अशी,
की खडकावरची कालवं वरून मोजावीत.
त्यांनी एक बाटली भरली, लाख लावून बंद केली.
आमच्या बाटल्यांना हसले नाहीत, हे सांगायला हवं.
एवढंच म्हणाले, ह्या नियमात बसत नाहीत.
महिन्याने कागद आला :
मर्यादेत.

द्रौपदीचा पुतण्या भडकला.
काकी, चांगल्या पाण्याच्या बाटल्या आधी फेक,
आपल्याच पायावर धोंडा कशाला?
ती मुळे उकडत होती. मागे न बघता म्हणाली,
चांगलं व्हतं तवा चांगलं व्हतं.
खाडीच्या नावावर खोटं घालायचं
माझ्याच्यानं नाय व्हायचं.

तर त्या राहिल्या.
चारशे अठरातल्या सदतीस.
खिडकीत ऊन पडलं की मागची भिंत हलायची त्यांच्यातून.
एका दुपारी, सवयीने,
मी त्या तारखेवार लावल्या.

दसरा.
दिवाळीचे चार.
गणपतीत गेट बंद होतं ते पाच.
वादळानंतर वरती वीज नव्हती ते दिवस, ओळीने.
साहेबांचा दिवस.
दोन तारखा मात्र कशातच लागेनात.
माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचं तिकीट लावून.
उत्तर आलं : त्या दोन्ही दिवशी
मंडळाचे पाहुणे कारखान्यात जेवले होते.

द्रौपदीला वाचून दाखवलं.
ती म्हणाली, म्हंजे पाव्हणा आला
का आमची खाडी आंघोळ करते.

सुनावणीला त्या सदतीसच नेल्या.
माशांच्या पाटीत, गवत घालून.
एसटीत कंडक्टरने विचारलं, सामान कसलं?
पाणी, हमिदा म्हणाली.
त्याने लगेजचं तिकीट फाडलं,
तेही मी फाईलला लावलंय.

टेबलावर बाटल्या मांडल्या तेव्हा
पलीकडचे वकील म्हणाले, पण हे तर स्वच्छ आहे!
हो, मी म्हणालो.
चिठ्ठ्या वाचा.

पुढची तारीख पडली. मग त्याच्या पुढची.
नोटीस निघाली. रात्रीचा पाईप उचलून
म्हणे दुसरीकडे टाकलाय, कुठे ते शोधतोय.
इरफानचा पाय अजून बरा नाही.

आज अमावास्या. उधाणाचं पाणी.
दोघी गुडघाभर चिखलातून वर आल्यात,
बाटली माझ्यासमोर पायरीवर.
चिठ्ठी काढली. तिथी लिहिली. सुकती लिहिली.
रंग?
एक म्हणते, बराय.
दुसरी माझा हात धरते :
थांब.
गाळ बसू दे.