हॅलो, एक, दोन, तीन

पारोळ्यात माझी रिक्षा शेंबडं पोरगंही ओळखतं.
टपावर दोन भोंगे, एक पुढं, एक मागं.
सकाळी नऊ ते एक मी छत्रीचा.
मग भाकरी खाऊन, बॅनर उलटा करून
तीन ते सात कपबशीचा.

मजकूर मीच लिहितो.
विकासाचं वाक्य साध्या दरात,
टोमण्याचे पन्नास जास्त,
आणि शिवी यमकात बसवून हवी असेल
तर तीनशे, रोख.
यंदा विकासाचं एकही वाक्य खपलं नाही.

सकाळी म्हणतो, कपबशीनं गटारीचे पैसे खाल्ले.
दुपारी त्याच वळणावर,
त्याच गटारीवरून चाक जपत नेताना
म्हणतो, छत्रीनं खाल्ले.
गटार दोन्ही वेळा ऐकून घेते.

लोटन शिंपी आधी मशीन थांबवायचा,
पायडलवरचा पाय उचलून हात करायचा.
आता भोंगा ऐकला की अर्धं शटर ओढतो.
रागानं नाही.
वावटळ आली की ओढतात, तसं.

परवा रात्री मांजर शेजारी दूध पिऊन परत आली,
तर माझी जागृती, वय वर्षं सात,
कमरेवर हात ठेवून तिला म्हणाली, गद्दार.
शेवटच्या 'र'ला झटका माझाच.
मी ताटावर बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं,
घसा बसलाय.
बायको तुराट्यांच्या जाळावर वांगं फिरवत होती.
वर न बघता म्हणाली,
"आवाज नही बठना तुन्हा. तूच बठी गया."
भरीत झालं तेव्हा मिरची लागली नाही जिभेला.

बाजाराच्या दिवशी झेलाबाई भोई आडवी आली रिक्षाला.
"मन्ही बकरी हराई गई रे भाऊ.
तुन्हा भोंगामा सांगी दे."
वेळ कपबशीची होती,
मिनिटाचा हिशेब लागत होता.
मी माइक उचलला आणि कागद मांडीखाली सारला.

काळी बकरी. डाव्या कानावर पांढरा ठिपका.
एक शिंग मोडकं, गळ्यात लाल चिंधी.
सकाळपासून दिसत नाही.

कुणी नेली, असं म्हणालो नाही.
दिसत नाही, एवढंच.
यमक नव्हतं, तरी पुन्हा म्हणालो,
आणि तिसऱ्यांदा म्हणताना
आवाज कुठूनतरी खालून आला,
बरेच दिवस वापरला नव्हता असा.

शटरं वर गेली.
लोटन दातात दोरा धरून बाहेर आला.
गच्चीवरून कुणी ओरडलं, किल्ल्याकडं पाहिली!
खालून पोरगं म्हणालं, ती आधार अण्णाची, हिचं शिंग मोडकंय.
कुठलं शिंग मोडकं, डावं की उजवं,
यावर दोन माणसं चांगली दहा मिनिटं भांडली,
आणि एवढ्या भांडणात
कुणाचीही आई आली नाही.

कपबशीचा फोन आला, अर्ध्या तासाचे कापीन.
काप म्हटलं.

रात्री गटारीच्या कडेनं चार बॅटऱ्या हिंडत होत्या.
त्यातली एक छत्रीच्या पोराची होती, मी ओळखली,
एक कपबशीच्या पुतण्याची.
उगाच त्याचं काही करू नये.
बकरी सापडली नाही.

आज सकाळी पुन्हा भोंग्यावरची धूळ पुसली,
माइकला फडकं बांधलं.
खिशात छत्रीचा नवा मजकूर,
त्याला टाचणीनं लावलेले तीनशे.
हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन.
बावीस वर्षं हेच आधी म्हणतो,
आणि घाईनं पुढं जातो.
चार. पाच. सहा.
अकरापर्यंत गेलो आणि कागद खिशातच होता.

लोटननं शटर ओढलं नाही.
सुईच्या नेढ्यावर डोळा बारीक करून विचारलं,
बकरी?

मी माइक खाली करायचा विसरलो.
नाही अजून, म्हणालो,
आणि ते सगळ्या गावाला ऐकू गेलं.