करमणूक खर्च

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
मी कीबोर्ड स्कूटरवर उभा बांधतो,
सायकलच्या ट्यूबनं, तीन वेढे,
पाय ठेवायच्या जागी स्पीकर.
वडगावातनं निघालो की पिरनवाडीपर्यंत
लोकांना वाटतं
हा कुणाचं तरी दार घेऊन चाललाय.

आश्रमाचे आठशे.
मी नऊशे म्हणालो होतो.
चिटणीस म्हणाले, सेवा म्हणून करा की, पुण्य लागतं.
म्हटलं, साहेब, पंपावर पुण्य घेत नाहीत,
शंभर कमी करतो, पण जेवण धरून.
आता व्हाउचरवर लिहितात: करमणूक खर्च.
वरच्या ओळीत फिनेल,
खालच्या ओळीत गॅस.

धंदा शिकत शिकत शिकलो.
जेवणाआधी वाजवायचं, नंतर सगळे पेंगतात.
सूर जाड ठेवायचा,
बारीक सूर कानयंत्रात शिट्टी घालतो.
पाळणा वाजवायचा नाही.
एकदा वाजवला, तर लीलावती कंग्राळकर उठल्या
आणि प्लॅस्टिकच्या रिकाम्या खुर्चीला
झोके देत उभ्या राहिल्या,
ताटं मांडून झाली तरी.

मराठी तीन झाली की कन्नड तीन.
हिशोब बसव्वा मुचंडीकडे,
पदराला गाठी मारते.
"निम्दु मूरु, नम्दु एरडु,"
गाठी नाचवत म्हणते,
"इन्नोंदु हाडप्पा."
मग मी तिचं एक म्हणतो,
आणि त्याला सगळ्यात मोठी टाळी
अष्टेकर मास्तरांची,
ज्यांनी तरुणपणी कन्नड पाटीला डांबर फासलं
आणि हिंडलग्यात महिना काढला.
मी विचारलं नाही कधी.
ठेका धरताना माणूस चांगला दिसतो,
तेवढं मला पुरतं.

सुभेदार होनगेकरांची फर्माईश एकच,
संध्याकाळचा बिगुल, झेंडा उतरवतानाचा.
मी छप्पन नंबर दाबतो, ट्रम्पेट.
परवा त्यांनी मध्येच हात वर केला.
"हा न्हवे गा. ह्यात थुंकी नाही."

त्यांना काय सांगणार.
तीस वर्षं मी बँडात कॉर्नेट फुंकला,
शहापूर, खडे बाजार, निपाणी, संकेश्वर,
किती नवरदेव माझ्या गालांवर बसून वरातीत गेले.
दर दोन गाण्यांनी कॉर्नेट उलटा करायचा,
थुंकी झटकायची रस्त्यावर.
मग वरचे चार दात गेले.
कवळी लावून फुंकलं
तर सुराच्या आधी कवळी बाहेर.
म्हणून हे दार.

म्हटलं, सुभेदार, दात गेले.
त्यांनी आ करून दाखवला.
त्यांचेही.
मग मूठ ओठांशी धरली
आणि नुसत्या तोंडानं सुरू केला बिगुल,
फुसफुसत, एक जागा चुकवून परत घेत,
हनुवटीवरनं लाळ गळत.
मी पट्टीवरनं बोट उचललं,
आवाज शून्यावर आणला,
आणि माझीही मूठ ओठांशी नेली.
वरचा सूर दोघांनाही लागला नाही.
बसव्वा पदर हातात घेऊन बसलेली,
ही गाठ कुणाच्या बाजूला मारायची
तिला ठरवता येईना.

व्हाउचरवर सही करताना मॅनेजरबाईंनी विचारलं,
वय काय घालू, ऑडिटला लागूलालंय.
म्हटलं, अडुसष्ट.
त्यांनी एकदा वर बघितलं.
मग पंगतीत
वाढपी पोरीला खुणेनं काही सांगितलं,
आणि माझ्या ताटात न मागता मऊ भात आला,
त्यांना वाढतात तसला, पळीनं दाबून.
मी खाल्ला.
चांगला होता, मीठ कमी.

चौथा शनिवार खानापूरला.
तिथं सहाशेच देतात, आणि जिना आहे.
ट्यूबचा तिसरा वेढा निसटूलालाय,
नवी बघायला पाहिजे.